धाकटीच्या दुखण्याला नाव मिळालं

धाकटीच्या पायाचं निदान झालं, तेव्हा थोरली कापडाच्या साठ थरांवर खडूने बाह्या आखत होती. कारखान्यात कामगारांचे डगले शिवले जायचे आणि ती तिथली कटर होती. तिने एकदा मशीन फिरवलं की साठ डगल्यांच्या बाह्या एकदम सुट्या व्हायच्या, त्यामुळे तिच्या कामात 'जरासं चुकलं' असं काही नसायचं. फोन आईचा होता. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नसे, म्हणून थोरलीने खडू ठेवून तो घेतला.

"सापडलं एकदाचं," आई म्हणाली, आणि पोरीच्या परीक्षेचा निकाल सांगावा तशी सांगत सुटली. डाव्या पायातलं रक्त वर आणणारी मोठी शीर ओटीपोटात दबली होती. वरून धमनी, मागून मणका, आणि मधे ती शीर बिचारी चेपलेली. म्हणून पाय सुजायचा, जड व्हायचा, निळसर पडायचा. म्हणून ओटीपोटात दुखायचं. आणि मुळात हे कशामुळे, तर शरीराला आतून सांधून धरणारं जे काही असतं, तेच धाकटीत जन्मापासून सैल होतं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. परवा दुपारी शिरेत जाळीची नळी बसवणार होते.

"बरं झालं, कळलं ते," एवढं म्हणून थोरलीने फोन ठेवला. तिला वाईट वाटायला हवं होतं, नाहीतर हायसं तरी. वाटला तो हेवा.

कारण हे दुखणं तिचं होतं.

सोळाव्या वर्षापासून तिचा डावा पाय संध्याकाळ झाली की भरून यायचा. मोज्याची खूण पोटरीवर सकाळपर्यंत राहायची. ओटीपोटात डावीकडे काहीतरी दाटून बसल्यासारखं व्हायचं. कापडाचा तागा उचलताना खांदा निखळायचा आणि ती तो दाराच्या चौकटीला टेकून, दात आवळून, परत जागेवर बसवायची. पहिल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं. दुसरे म्हणाले, या वयात मुलींना असं होतंच. तिसऱ्यांनी लग्नानंतर विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? चौथ्यांनी मात्र पंधरा मिनिटं मान हलवत शांतपणे ऐकून घेतलं, तिला वाटलं आता काहीतरी निघणार, आणि त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. आई तिला 'नाजूकराणी' म्हणायची. पुढे थोरलीने बोलणंच सोडलं. न बोलणाऱ्याचं दुखत नाही, असा घरोघरी समज असतो. त्यामुळे आईच्या लेखी ती बरी झाली. दुखणं सुरू होऊन बावीस वर्षं झाली.

धाकटीचं सगळं आठ महिन्यांत उरकलं होतं. ती शाळेत खेळाची शिक्षिका. लहानपणी पाय मानेमागे घालून बसायची, म्हणून तिला 'रबर' म्हणायचे, आणि त्या रबरपणाची बक्षिसं आईने अजून काचेच्या कपाटात ठेवली होती. थोरलीलाही ते सगळं जमायचं, पण तिला कुणी करून दाखव म्हटलं नाही. नीट बस म्हटलं. आठ महिन्यांपूर्वी धाकटी मैदानावर अख्ख्या शाळेदेखत कोसळली. तिचा नवरा इलेक्ट्रिशियन, बिघाड सापडल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही अशातला. तो दर डॉक्टरांपुढे बसून एकच म्हणायचा, फॉल्ट कुठे आहे तेवढं सांगा. शेवटी एका रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं थोरलीच्या मनात आलं, आणि एका आजारी माणसाबद्दल आपण असा विचार करतोय याची तिला लाजही वाटली. पण लाज वाटली म्हणून हेवा कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती इस्पितळात गेली. धाकटी तीन उशांना टेकून बसली होती. डावा पाय उंचावर ठेवलेला. खिडकीत शाळेतल्या मुलांनी पाठवलेली शुभेच्छापत्रं ओळीने लावलेली. आई फळं कापत होती आणि थोरलीचे मेहुणे, म्हणजे धाकटीचे यजमान, पलंगाचा खटका नीट बसत नव्हता तो गुडघ्यावर बसून दुरुस्त करत होते.

"ताई, हे बघ," धाकटीने एक कागद पुढे केला.

तपासणीचं चित्र होतं ते. राखाडी रंगात दोन जाड नळ्या एकमेकींवरून गेलेल्या, आणि खालची एका जागी पट्टीसारखी चपटी झालेली. डॉक्टरीणबाईंनी त्या जागी लाल पेनने बाण काढला होता. थोरलीने तो कागद बराच वेळ हातात धरला. शेजारणीचा नवा दागिना हातात घेऊन बघतात आणि 'छान आहे हं' म्हणतात, तशी ती बघत होती. तिला त्या बाणाचा हेवा वाटला. आपल्याही पोटात कुणीतरी असा बाण काढायला हवा होता, इथे आहे, इथे, हिला उगाच नाही दुखत.

"छान स्पष्ट दिसतंय," ती म्हणाली.

आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की पोरीने किती सोसलं आणि कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. धाकटीने कळू दिलं नव्हतं असं कुणी म्हटलं नसतं. तिला साधा काटा लागला तरी गल्लीला कळायचं. पण थोरलीने फळाची फोड खाल्ली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले, घाईत नसलेल्या. त्यांनी धाकटीचा पाय दाबून पाहिला आणि मग सगळ्यांकडे वळून विचारलं, घरात आणखी कुणाला असं काही आहे का? सांधे निखळणं, जखम लवकर न भरणं, टाके न धरणं, ऑपरेशनच्या वेळी रक्त जास्त जाणं? ऊतक सैल असलं की कधीकधी रक्तवाहिन्याही नाजूक असतात, म्हणून आधी माहीत असलेलं बरं.

"छे हो," आई म्हणाली. "आमच्यात कुणालाच नाही. ही थोरली बघा, दहा-दहा तास उभ्याने काम करते. खणखणीत आहे."

थोरलीने आईकडे पाहिलं. आई एकदा तरी मान वळवेल, नाजूकराणी म्हणायचे मी हिला, असं काहीतरी आठवेल, म्हणून तिने वाट पाहिली. आई पुढचं फळ कापायला लागली.

सांगण्यासारखं थोरलीकडे होतं. सहा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोघं दुसऱ्या गावी राहत होते तेव्हा, तिचं अपेंडिक्स काढलं होतं. टाके धरेनात. ओल्या कागदात दोरा ओवल्यासारखं होतंय, असं तिथली नर्स म्हणाली होती. जखम दोनदा उघडली. परत शिवताना बधिर करायचं इंजेक्शन दिलं ते लागलंच नाही, आणि तिने नवऱ्याच्या मनगटावर वळ उठेपर्यंत हात आवळून ते सोसलं. त्याच महिन्यात धाकटीचं लग्न होतं. घरी सगळे धांदलीत, म्हणून तिने 'अपेंडिक्स काढलं, ठीक आहे' इतकंच कळवलं होतं. आईला खरंच काही माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं, कारण तेव्हाही धाकटीचंच काहीतरी चाललं होतं.

डॉक्टरीणबाई थोरलीकडे पाहत क्षणभर थांबल्या. एक वाक्य पुरलं असतं. पण थोरलीला वाटलं, बावीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आज विचारतायत तेही हिच्यासाठी. माझं दुखणं हिच्या फायलीत एका ओळीची टीप म्हणून जाणार. तिने खिडकीतल्या शुभेच्छापत्रांकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही. डॉक्टरीणबाई मान हलवून गेल्या.

संध्याकाळी थोरलीचा नवरा ड्युटी संपवून आला. तो बस चालवायचा. कमी बोलायचा आणि बोललेलं लक्षात ठेवायचा. जेवताना तिने त्याला इस्पितळातलं सांगितलं, डॉक्टरांचा प्रश्नही सांगितला. तो जेवायचा थांबला.

"टाक्यांचं सांगितलंस ना?"

"सांगितलं," ती म्हणाली.

त्याने बरं म्हणून पुढे जेवायला घेतलं. लग्नाच्या चौदा वर्षांत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती असं नाही, पण ती खोटी बोलणी कपड्यांची आणि पाहुण्यांची होती.

सकाळी ती कामावर गेली. थर पसरले, कडा जुळवल्या, चिमटे लावले. पॅटर्न ठेवून आखायला घेतलं आणि लक्षात आलं की आपण पाठीचा तुकडा उलटा ठेवलाय. असं कधी होत नसे. तिने तो सरळ केला. मग तिच्या डोळ्यांसमोर ती चपटी झालेली नळी आली आणि ओला कागद आला. आपण रागावलोय आईवर, आणि फाटणार आहे ती धाकटीची शीर. दहा वाजता ती सुपरवायझरकडे गेली आणि घरचं ऑपरेशन आहे म्हणून निघाली.

इस्पितळात पोहोचली तेव्हा धाकटीला हिरवा झगा घातलेला होता आणि उपाशीपोटी ती सगळ्यांवर डाफरत होती. थोरली खोलीत शिरलीच नाही. डॉक्टरीणबाई बाहेरच्या लांब व्हरांड्यात भेटल्या, तिथेच तिने त्यांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज आपला नसल्यासारखा वाटत होता. त्या तिला शेजारच्या तपासणीच्या खोलीत घेऊन गेल्या. तिने पोटावरचा व्रण दाखवला. तो रुंद आणि चकचकीत होता, चुरगाळून परत सरळ केलेल्या पातळ कागदासारखा. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग तिचा अंगठा धरून मागे वळवला, तो मनगटाला जाऊन टेकला. करंगळी उलटी वळवली. कोपर, गुडघे पाहिले. वाकून तळवे जमिनीला टेकवायला सांगितलं, ते तिने गुडघे न वाकवता टेकवले.

"सांध्यांच्या सैलपणाचे नऊपैकी आठ गुण," त्या म्हणाल्या. "बहिणीला सहा होते. तुम्हाला कधीपासून त्रास आहे?"

थोरलीला त्या प्रश्नाने रडू यायला हवं होतं. ते आलंही, पण त्याआधी तिला पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की मला जास्त मिळाले. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरीणबाईंनी येऊन सगळ्यांना समजावलं, की काही प्रकारांत रक्तवाहिन्या फाटू शकतात, आधी रक्ताची एक तपासणी करून तो प्रकार नाही ना हे पाहायचं, मग पुढचं ठरवायचं, तीनेक आठवडे लागतील. धाकटीने भिंतीकडे तोंड केलं. मेहुण्यांनी तीन-चार प्रश्न विचारले आणि ते खाली फोन करायला गेले. आई मात्र थोरलीला घेऊन दाराबाहेर आली.

"काल तोंडात काय होतं तुझ्या? आज अगदी वेळेवर बरं आठवलं. पोरगी आता कुठे सुटणार होती. तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही."

"हो आई," थोरली म्हणाली, "दुखतंय. बावीस वर्षं दुखतंय."

आईला ते उलट उत्तर वाटलं. ती पाठ फिरवून आत गेली. थोरली बाकावर बसून राहिली. पाय भरून आला होता, आणि आईचं खोटं नव्हतं, हे तिला आईपेक्षा जास्त माहीत होतं.

अर्ध्या तासाने धाकटीने आईला चहाला पाठवलं आणि ताईला आत बोलावलं. तिने रडून घेतलेलं दिसत होतं.

"काल का नाही बोललीस?" तिने विचारलं.

थोरलीने काहीतरी कारण जुळवलं होतं, विसरले होते असं. ते तोंडातून निघेना.

"तुझा हेवा वाटला," ती म्हणाली.

"कशाचा?"

"सगळ्याचा. त्या कागदाचा. तुझ्या नवऱ्याने शोधून काढलं त्याचा. मला सोळाव्या वर्षापासून हेच आहे, रबर. मला नाजूकराणी म्हटलं, तुला चित्र काढून दिलं."

धाकटीने हळूच विचारलं, "आणि मी टेबलावर मेले असते तर?"

"म्हणून आले ना."

"अगदी दुपारपर्यंत वाट बघून."

"सकाळी," थोरली म्हणाली. "साडेअकरा वाजले होते."

धाकटी हसली. हसल्याने पोटात कळ आली, तशी तोंड वाकडं करून थांबली. ती माफ करते असं म्हणाली नाही. तिने एवढंच सांगितलं, की लहानपणी ताई कधी रडायची नाही, कशानेच, त्याचा तिला फार राग यायचा. आपण रडूबाई आणि ही लोखंडाची. आठ महिने दुखत असताना ती स्वतःला म्हणत होती, ताई असती तर सोसलं असतं. थोरलीने धाकटीच्या पायाखालची सरकलेली उशी नीट केली.

रक्ताची तपासणी चांगली आली. तो धोक्याचा प्रकार नव्हता. तीन आठवड्यांनी नळी बसवली. जांघेत जिथून नळी आत घातली, तिथून रक्त थांबेना, आणि एक नर्स पाऊण तास त्या जागेवर हात दाबून उभी राहिली. पण हे होणार हे धरून त्यांनी सगळी तयारी ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा मेहुण्यांनी थोरलीकडे पाहून दोन्ही हात जोडले. आईने पाहिलं नाही. ती आपल्या पिशवीत काहीतरी शोधत राहिली, बराच वेळ.

थोरलीचीही तपासणी झाली. तिचीही शीर दबलेली निघाली, त्याच जागी, आणि तिलाही लाल बाणाचा कागद मिळाला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत तुमच्या रक्ताने आजूबाजूच्या बारीक शिरांतून स्वतःची वाट काढलीय. तुमची ऊतकं बघता नळी बसवण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. घट्ट मोजे घालायचे, सांध्यांचे व्यायाम करायचे, कामावर उंच स्टूल घ्यायचं. त्यांनी कारखान्यासाठी तसं पत्र दिलं आणि स्टूल मिळालंही. थोरलीने कागद घरी नेऊन कपाटात ठेवला. बावीस वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते मिळालं होतं, आणि ते धाकटीचं आधी वापरून झालेलं होतं. शिवाय धाकटीला इलाज मिळाला आणि आपल्याला मोजे, हेही होतंच.

धाकटीच्या पायाची सूज उतरली. खांदे, पाठ, पोट मात्र दुखायचं ते दुखतच राहिलं. शाळेने तिला मैदानावरून काढून कार्यालयात बसवलं आणि मुलं खिडकीतून दिसतात म्हणून ती खुर्ची उलटी फिरवून बसायला लागली. तू निदान तुझं काम तरी करतेस, असं ती एकदा ताईला म्हणाली. तेव्हा तिच्या आवाजात जे होतं, ते थोरलीने लगेच ओळखलं. त्या बाबतीत तिचा कान तयार होता.

दोन महिन्यांनी एका सुट्टीच्या दुपारी दोघी आईकडे बसल्या होत्या. आई वाळलेले कपडे घडी करत होती. माफी मागणं आईच्या स्वभावात नव्हतं आणि थोरलीने तिची अपेक्षाही ठेवली नव्हती. घडी घालता घालता आई मधेच थांबली. हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"कुठे दुखतं तुला?" तिने थोरलीला विचारलं. "दाखव बघू."

थोरलीने ओटीपोटावर डावीकडे हात ठेवला. आईने तिचा हात बाजूला करून तिथे स्वतःचा ठेवला. तिच्या तळव्याला साबणाचा वास होता.

"माझं ना, अजूनही इथे," धाकटी म्हणाली आणि तिने आपली कूस दाखवली.

"तू थांब जरा," आई म्हणाली. "तिचं होऊ दे."

धाकटीचा चेहरा पडला. तो पडलेला पाहून थोरलीला बरं वाटलं. वाटू नये हे कळत असूनही चांगलंच बरं वाटलं. मग तिने पाय वर घेतले, भिंतीला नीट टेकली आणि सोळाव्या वर्षापासून सांगायला सुरुवात केली. आईने मधे मधे विचारलं. धाकटीने पहिला काही वेळ फुगून ऐकलं, नंतर नुसतंच ऐकलं. कपड्यांचा ढीग तसाच राहिला.